कोहाचा ओपॅक आणि ९० दिवसांचे प्रमाणपत्र

महाविद्यालयीन ग्रंथालयाची पुस्तकसूची इंटरनेटवर खुली करणे हे एक काम आणि ती सुरक्षितपणे खुली करणे हे दुसरे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये जालना, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतही आहेत. नॅकच्या मूल्यांकनात त्यांना ग्रंथालयाचे संगणकीकरण दाखवावे लागते, म्हणून पहिल्या कामाकडे लक्ष जाते. दुसरे काम तपासायला कोणी येत नाही.

सॉफ्टवेअरचे पर्याय मुख्यतः तीन : गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे ‘सोल’, एनआयसीचे ‘ई-ग्रंथालय’ आणि मुक्तस्रोत ‘कोहा’. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठी तयार झालेले कोहा २००० साली वापरात आले. त्याला परवाना शुल्क नाही. मात्र ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवले, तर त्याची सारी जबाबदारी ग्रंथालयावरच येते.

कोहा साधारणतः डेबियन किंवा उबुंटूवर चालते. माहिती मारियाडीबीत राहते आणि ब्राउझरशी बोलणारा वेब सर्व्हर अपाचे असतो. अपाचे दोन वेगळी संकेतस्थळे दाखवतो : वाचकांसाठी ओपॅक, म्हणजे ऑनलाइन पुस्तकसूची, आणि कर्मचाऱ्यांसाठी देवघेव व तालिकीकरणाचा विभाग. दोन्ही साध्या एचटीटीपीवर ठेवली, तर वाचकाचा पासवर्ड उघडाच प्रवास करतो आणि वाटेत नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्याला तो वाचता येतो. कर्मचारी विभागात तर वाचकांचे पत्ते, मोबाइल क्रमांक आणि कोणी कोणते पुस्तक नेले याची नोंद असते. एखाद्याने काय वाचले, हे त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये.

यावरचा उपाय म्हणजे एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, आणि तिच्यासाठी लागणारे टीएलएस प्रमाणपत्र. ते डोमेन नावाला मिळते, १९२.१६८ने सुरू होणाऱ्या अंतर्गत पत्त्याला सार्वजनिक प्रमाणपत्र मिळत नाही. शैक्षणिक संस्थांना ‘डॉट एसी डॉट इन’ डोमेन अर्नेटकडून घेता येते. मग ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था विनामूल्य प्रमाणपत्र देते. सर्टबॉट हा प्रोग्राम ते मागवतो. डोमेन खरोखर मागणाऱ्याच्याच ताब्यात आहे का, हे पाहण्यासाठी लेट्स एन्क्रिप्ट ८० क्रमांकाच्या पोर्टवरून एक ठरावीक फाइल मागते. घोडे इथेच अडते. फायरवॉलने बाहेरून येणारे ते पोर्ट बंद केलेले असेल, तर पडताळणी फसते आणि दोष मात्र कोहाला दिला जातो. पोर्ट उघडणे शक्य नसेल, तर डीएनएसमध्ये नोंद घालून पडताळणी करता येते.

प्रमाणपत्र मिळाल्यावर अपाचेत ४४३ पोर्टसाठी विभाग लिहायचा, ८०वर आलेल्याला तिकडे वळवायचे आणि टीएलएस १.२च्या आधीच्या आवृत्त्या बंद करायच्या. मधल्या प्रमाणपत्रांसह पूर्ण साखळी दिली नाही, तर एका ब्राउझरमध्ये ओपॅक उघडतो आणि दुसऱ्यात इशारा येतो. कोहाच्या सिस्टीम प्रेफरन्समधील ओपॅक व कर्मचारी विभागाचे मूळ पत्तेही एचटीटीपीएसने सुरू होणारे करावे लागतात. हा बदल हमखास विसरला जातो.

लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवस टिकते. मुदत संपत आल्याचे ईमेल त्या संस्थेने जून २०२५ मध्ये बंद केले. शिवाय ब्राउझर आणि प्रमाणपत्र कंपन्यांच्या मंचाने २०२५ साली ठरवल्यानुसार सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस आहे. वर्षातून एकदा हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस त्यामुळे सरले. सर्टबॉटचा टायमर हे काम आपोआप करतो. पण नवे प्रमाणपत्र वाचण्यासाठी अपाचे रीलोड व्हावा लागतो आणि सारे नीट चालले आहे ना, हे कोणीतरी नियमित पाहायला हवे. मुदत संपलेल्या प्रमाणपत्राचा इशारा रोज दिसू लागला, की विद्यार्थी तो डावलून पुढे जायला शिकतात, आणि हे नुकसान लवकर भरून येत नाही.

प्रमाणपत्र संरक्षण देते ते ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील वाटेपुरतेच. कमकुवत पासवर्ड किंवा अद्ययावत न केलेले कोहा त्यामुळे सुरक्षित होत नाही. म्हणून ओपॅक सर्वांना खुला ठेवला, तरी कर्मचारी विभाग अपाचेच्या नियमाने महाविद्यालयाच्या नेटवर्कपुरता मर्यादित ठेवावा. घरून काम करायचे असेल, तर व्हीपीएनमधून.