बोगद्यात आवाज पोचलाच नाही : पोलीस आणि अग्निशमन दलाला डिजिटल रेडिओ का लागतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून काढलाय.

7 जुलै 2005, लंडन. सकाळी भुयारी रेल्वेच्या तीन गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि तासाभराने एका बसमध्ये चौथा. 52 निरपराध माणसं गेली. जे जवान खाली बोगद्यात उतरले, त्यांना वर कळवायचं होतं की जखमी किती आहेत, स्ट्रेचर किती लागतील. पण रेल्वे पोलीस सोडले, तर बाकी कोणाचा रेडिओ तिथे चालत नव्हता. मग निरोप घेऊन माणसं पळवावी लागली. एक जण जिने चढून वर जाणार, सांगणार, परत खाली येणार. एकविसाव्या शतकात!

आणि हे आधी माहीत नव्हतं असंही नाही. 1987 मध्ये लंडनच्याच किंग्ज क्रॉस स्थानकात आग लागली होती, 31 जण गेले होते. त्या चौकशीतच सांगितलं होतं की जमिनीखाली रेडिओ चालायला हवेत. मधली इतकी वर्षं हे काम रखडलं.

मोबाईल आहे ना, मग रेडिओ कशाला?

11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, तेव्हा घरच्यांना फोन लावून लावून लोक थकले होते. सगळे एकदम फोन करायला लागले की नेटवर्क कोलमडतं. शिवाय फोनवर नंबर लावा, रिंग जाऊ द्या, समोरच्याने उचलायची वाट बघा, आणि एवढं करून बोलणार एकाशीच. रेडिओवर बटण दाबलं की अख्खी टीम ऐकते.

मग 'डिजिटल'ने काय बदलतं?

जुन्या अॅनालॉग वायरलेसवर खरखर असायची आणि स्कॅनर घेऊन कोणीही चोरून ऐकू शकायचं. टेट्रा नावाच्या डिजिटल पद्धतीत आवाज आकड्यांत बदलतो आणि कुलूपबंद होऊन जातो. एकाच चॅनेलचे वेळेनुसार चार तुकडे पडतात, म्हणजे त्याच जागेत चार संभाषणं चालतात. धोक्याचं बटण दाबलं की तुमच्या कॉलला आधी वाट मिळते. टॉवर बंद पडला तरी जवळजवळचे दोन सेट थेट एकमेकांशी बोलू शकतात.

एक तोटाही आहे. अॅनालॉगमध्ये खरखर वाढली की कळायचं, आता सिग्नल जाणार. डिजिटल आवाज मात्र शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ असतो आणि मग पटकन तुटतो. म्हणून बोगद्यात, तळघरात आधीच खास केबल आणि अँटेना बसवाव्या लागतात. लंडनने 2005 नंतर भुयारी स्थानकांत हेच केलं.

पण एवढ्याने भागत नाही

22 मे 2017, मँचेस्टर. कॉन्सर्ट संपताना स्फोट झाला, 22 जण गेले. तोवर ब्रिटनच्या पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवांकडे एकच डिजिटल नेटवर्क होतं. सगळ्यांच्या नियंत्रण कक्षांनी एका सामाईक ग्रुपवर येऊन बोलायची सोय होती. ती वापरलीच गेली नाही! अग्निशमन दल घटनास्थळी पोचलं ते दोन तासांहून जास्त उशिरा. लंडनमध्ये यंत्र नव्हतं. इथे यंत्र होतं, पण एकत्र बोलायची सवय नव्हती.

आता ब्रिटन पुढची उडी घेतंय. टेट्रावर व्हिडिओ पाठवता येत नाही, म्हणून सगळं 4जी मोबाईल नेटवर्कवर न्यायचंय. जुनं नेटवर्क 2019 च्या अखेरीस बंद व्हायचं होतं, ते अजून चालू आहे. कारण साधं आहे: फोनवर कॉल तुटला तर आपण परत लावतो. आगीत अडकलेल्या जवानाला तेवढा वेळ नसतो.

म्हणून पुढच्या वेळी 'नवीन यंत्रणा दाखल' अशी बातमी आली की दोन प्रश्न विचारा. ती बोगद्यात आणि तळघरात चालते का? आणि पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका तिच्यावर एकत्र सराव करतात का?

तुमचं मत कळवा. भेटू पुढच्या भागात!