काटा तांबड्यावर गेला तर...

जुनी जीप तापली, की इंजिन खोलण्याची घाई होते. आमचे सांगणे एवढेच : काटा खरा की खोटा, ते आधी बघा.

इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नका. उकळते पाणी अंगावर उसळते. पुरते निवल्यावर नुसती चावी फिरवा. काटा वरच? मग सेन्सरची वायर काढा. बहुतेक जुन्या गाड्यांत काटा उतरला तर दोष सेन्सरचा. नाही उतरला तर वायर बॉडीला टेकलेली किंवा मीटर बिघडलेला.

निवल्यावर काटा आपसूक उतरला असेल, तर ताप खराच समजा. पाणी, होजपाइप, फॅनबेल्ट तपासा. जाळीतले पाचट झाडा. तरीही तापली तर थर्मोस्टॅट मिस्त्रीला दाखवा. तशीच दामटली, तर हेड गॅसकेट जाते आणि ऊसबिल गॅरेजात जिरते!