नान्नज: राखलेलं गवत, निसटलेली शेतं

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या या गावाचं नाव दोन अगदी वेगळ्या कारणांनी देशभर पोचलं. पहिलं कारण द्राक्ष. इथल्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसच्या वेलींमधून लांब मण्यांची ‘सोनाका’ निवडून काढली, पुढे काळ्या मण्यांची ‘शरद सीडलेस’ही दिली, आणि महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीचं रूप पालटलं. दुसरं कारण माळढोक. आज जगात दीडशेही उरला नसेल असा हा पक्षी इथल्या गवतात अंडी घालत होता, आणि त्याच्यावरचा आपल्या देशातला पहिला सलग शास्त्रीय अभ्यास ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांत नान्नज होतं. दोन्ही गोष्टी घडल्या त्या साधारण एकाच काळात, सत्तर-ऐंशीच्या दशकांत. द्राक्षबागा वाढल्या आणि माळढोक गेला. त्यात गावाचा दोष नाही. मात्र निसर्ग आणि शेती एकाच सीमेत बांधून संरक्षण देण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रयोग इथे झाला. त्यात विज्ञानाने काय सांगितलं आणि शासनाने काय केलं, हे नीट तपासायला हवं.

आधी जमीन. उंचावर मुरमाड, हातभर मातीचा माळ, त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल, मध्येच हिवर, बोर, तरवड. उताराखाली ओढ्याकडे काळी भारी जमीन. पाऊस लहरी, सरासरीचा भरवसा धरू नये असा. या मुलखाचं खरं पीक रब्बीची ज्वारी. पावसाळाभर काळं रान कुळवून, ओल धरून मोकळं ठेवायचं, भाद्रपद-आश्विनात शाळू पेरायचा आणि माघ-फाल्गुनात काढायचा. कोरडवाहू शेतीतली ही ओल राखण्याची विद्या इथे नुसती परंपरेने चाललेली नव्हती. १९३३पासून सोलापूरला कोरडवाहू संशोधन केंद्र आहे. एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधबंदिस्ती, खोल मशागत, विरळ पेरणी यांवर तिथे केलेलं काम पुढे देशभर वापरलं गेलं. शेजारच्या मोहोळच्या केंद्रातून तीसच्या दशकात ‘मालदांडी ३५-१’ ही ज्वारी निवडली गेली आणि आजही तिचं नाव घेतलं जातं. थोडक्यात, माळढोकाच्या आधीपासून हा परिसर शास्त्रज्ञांच्या नजरेखाली होता, फक्त ती नजर पिकावर होती.

मग १९७२चा दुष्काळ आला. त्यानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून वनखात्याने नान्नज आणि आसपासच्या गावांच्या माळांवर तुकडे राखायला घेतले. चराईबंदी केली, चर खणले, गवत वाढू दिलं. हेतू चाऱ्याचा आणि मृदसंधारणाचा होता. पण उघड्याबोडक्या माळावर कमरेएवढं गवत उभं राहिलं आणि तिथे माळढोक अंडी घालू लागला. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात या पक्ष्यांकडे लक्ष वेधलं आणि पाठपुरावा केला. १९७९मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झालं.

त्या वर्षांत माळढोक देशाच्या वर्तमानपत्रांत गाजत होता. अरब शिकाऱ्यांनी राजस्थानात त्याच्या शिकारीचा घाट घातला म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते, आणि १९८०मध्ये जयपूरला या पक्ष्यावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. डॉ. सालिम अली तर याला राष्ट्रीय पक्षी करा म्हणून पूर्वीच सांगत होते, पण १९६३मध्ये तो मान मोराला मिळाला. परिषदेनंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. असद रहमानी यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशातलं करेरा, मग नान्नज अशा ठिकाणी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून अभ्यास केला.

त्या अभ्यासातून जे हाती आलं ते मला आजही या विषयातलं सर्वांत मोलाचं ज्ञान वाटतं. पावसाळ्यात नर माळावरच्या उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पिशवी जमिनीपर्यंत फुगवतो, शेपूट उभारतो आणि खोल हुंकार देतो. त्याला लांबवर मोकळं दिसायला हवं. मादी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि त्यासाठी तिला चराई नसलेलं, माणसाची वर्दळ नसलेलं गवत लागतं. पण पोट भरायला हे पक्षी राखीव तुकड्याबाहेर पडतात. काढणी झालेली रानं, पडीक जमिनी, भुईमुगाची, हरभऱ्याची शेतं, तिथले नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं असं सगळं त्यांना चालतं. म्हणजे वर्षातले काही महिने माळ आणि बाकीचे महिने शेत. गवताचा तुकडा कितीही उत्तम राखला तरी भोवतालची शेती जुन्या घडीची राहिली तरच पक्षी टिकणार, हे ऐंशीच्या दशकातच स्पष्ट झालं होतं.

अभयारण्याची सीमा आखताना मात्र भलतंच झालं. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या दोन जिल्ह्यांतला ८,४९६ चौरस किलोमीटरचा प्रदेश कागदावर अभयारण्य झाला. गोवा राज्याच्या दुपटीहून मोठा! त्यात गावं, बाजारपेठा, महामार्ग, साखर कारखाने, हजारो शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरच्या जमिनी, सगळं आलं. प्रत्यक्षात वनखात्याच्या ताब्यातले गवताचे तुकडे या पसाऱ्यात अगदी थोडे. शेतकऱ्याला मात्र जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं, परवानग्यांच्या खेपा आणि अनिश्चितता. त्याच्या शेतातला पक्षी त्याच्याच अडचणीचं कारण ठरला. शेतात काय पेरावं, यासाठी ना कुणी त्याला पैसे देऊ केले ना कुणी विचारलं.

करेऱ्याची गोष्ट याहून वाईट. १९८१मध्ये झालेलं ते अभयारण्य बहुतांशी खासगी जमिनींवर होतं. व्यवहार थांबले, राग साचला, काळवीट वाढून पिकं खाऊ लागले, आणि नव्वदच्या दशकात तिथला माळढोक संपला. हे उदाहरण डोळ्यांसमोर असताना महाराष्ट्राला सीमा दुरुस्त करायला २०१२ उजाडावं लागलं. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रक्रियेनंतर क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. दुरुस्ती योग्यच होती, पण तोवर नान्नजला बोटांवर मोजण्याएवढे पक्षी उरले होते. पुढे एखाददुसरी मादी दिसत राहिली. नराशिवाय मादी म्हणजे वंश संपल्यातच जमा.

मधल्या तीन दशकांत शेत बदललं होतं. उजनी धरणाचं पाणी आलं, विहिरी खोल गेल्या, बोअर पडले. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा म्हणून सोलापूर ओळखला जाऊ लागला. पावसाळ्यात मोकळं राहणारं काळं रान वर्षभर उसाखाली गेलं. मुरमाड उतारावर, जिथे पूर्वी हुलगा-मटकी जेमतेम यायची, तिथे ठिबकवर द्राक्ष उभी राहिली, आणि द्राक्ष म्हणजे लोखंडी अँगल, तारांचे मांडव, फवारणी. उडायला जड, दूरवर पाहून सावध होणाऱ्या पक्ष्याला उसाची भिंतही परकी आणि मांडवाची तारही. कोरडवाहू शेतकऱ्याने पाण्याच्या पहिल्या संधीला बागायती केली, ती त्याने करायलाच हवी होती. ज्वारी पेरून तो गरीब राहावा आणि आपल्याला पक्षी दिसावा, अशी अपेक्षा करण्याचा हक्क शहरातल्या कुणालाही नाही. ज्वारी पेरणं परवडेल अशी व्यवस्था करणं मात्र शासनाच्या हातात होतं. अभयारण्याच्या त्या सगळ्या वर्षांत ती झाली नाही.

यातलाच आणखी एक बदल. हा ऊस माळढोकाला नको होता, बिबट्याला मात्र मानवला. अहमदनगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहणाऱ्या, जंगल नसलेल्या त्या शेतीभागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले.

राखीव तुकड्यांतही सगळं ठीक नव्हतं. जमीन उघडी दिसली की झाड लावायचं, ही आपल्या खात्यांची आणि आपलीही सवय. नान्नजच्या गवतात ग्लिरिसिडियासारखी झाडं लावली गेली. माळढोकाला जिथे मोकळेपणा हवा तिथे झाडोरा वाढला, आणि रहमानींनी त्याविरुद्ध सातत्याने लिहिलं. माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचा अवशेष, हा समज त्यामागे आहे. सरकारी नकाशांत तर असा माळ पडीक जमिनीच्या खात्यात जातो, आणि मग तो कारखान्याला, सौर प्रकल्पाला, वृक्षारोपणाला देऊन टाकणं सोपं होतं.

हा समज खोडणारं एक संशोधन २०२५मध्ये प्रसिद्ध झालं आणि मराठी वाचकाने ते आवर्जून माहीत करून घ्यावं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनच्या जुन्या मराठी ग्रंथांत आणि लोकगीतांत पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्या रानवनस्पतींचे उल्लेख येतात ते शोधलं. ज्या वनस्पती सापडल्या त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश मोकळ्या गवताळ रानातल्या निघाल्या, घनदाट जंगलातल्या नव्हेत. आपला माळ निदान साडेसातशे वर्षं माळच आहे. चरित्रग्रंथ आणि ओव्यांमधून पर्यावरणाचा इतिहास असा सिद्ध करता येतो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी उपग्रहचित्रांवरून काढलेल्या नकाशात देशाची सुमारे दहा टक्के भूमी अशी निमशुष्क, मोकळी निसर्गव्यवस्था आहे. तिच्यातला पाच टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो.

माळढोकाच्या शास्त्राचं केंद्र आता राजस्थानात सरकलं आहे. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात आणि उडताना समोरचं त्याला फारच कमी दिसतं. त्यात दहा-बारा किलोंचं अंग, ऐनवेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरमध्ये वीजतारांना धडकून दरवर्षी सुमारे १८ माळढोक मरत होते. एकूण संख्या पाहता हा आकडा एकटाच वंश संपवायला पुरेसा. एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, २०२४मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञ समिती नेमली. सौरऊर्जा हवी आणि पक्षीही हवा, हा पेच खरा आहे. दुसरीकडे २०१९पासून सम आणि नंतर रामदेवरा इथे रानातली अंडी उबवून पिल्लं वाढवली जात आहेत. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. बंदिस्त पक्ष्यांची संख्या चाळिशीपुढे गेली आहे. हे काम मोठं आहे, आणि ते करणाऱ्यांच्या चिकाटीपुढे मान झुकते.

माळढोक गेल्यावर नान्नजला काही उरलं नाही, असं समजून पर्यटक तिथे जायचे थांबले. ते बरोबर नाही. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी गवतावरून खाली-खाली तरंगत जातात. काळविटांचे कळप आहेत, चंडोल आहेत, धाविक आहेत. आणि लांडगा आहे. सतीश कुमार आणि रहमानी यांनी नान्नजच्या लांडग्यांवर केलेला अभ्यास देशातल्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी. लांडगा काळवीट मारतो तसा शेळ्या-मेंढ्याही नेतो, हे त्यातून आकड्यांनिशी कळलं. धनगरांचा याच्याशी संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्यांच्या मेंढ्या शेतात बसवून घ्यायच्या, त्यांचं लेंडीखत जमिनीला मिळायचं आणि बदल्यात धान्य द्यायचं, ही जुनी देवघेव अजून पुरती मोडलेली नाही. माळ, मेंढी, शेत आणि लांडगा हे एकाच गाड्याचे बैल. आता धोका वेगळ्याच दिशेने आहे. पुण्याजवळ २०१४मध्ये वेगळ्या रंगाचे लांडगे दिसले होते, ते लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचं जनुकीय तपासणीतून २०२३मध्ये प्रसिद्ध झालं. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त आता लांडग्याच्या संवर्धनाचाच भाग झाला आहे.

शेतकऱ्याला माळाचा उपयोग कसा, याचं चोख उत्तर गुजरातेतल्या वेळावदरने दिलं आहे. अवघ्या ३४ चौरस किलोमीटरच्या त्या राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात शेकडो, काही वर्षी दोन हजारांच्या घरात, भोवत्या रात्री गवतात उतरत. त्यांच्या उलट्या तपासल्यावर त्यांत टोळांचे अवशेष भरपूर मिळाले. भोवतालच्या शेतांवरची कीड हे पाहुणे फुकटात खाऊन टाकत होते. आपल्याकडे अकोला-वाशिम भागात तणमोरासाठी फासेपारधी समाजाबरोबर काम उभं राहिलं आहे. पक्ष्याचा आवाज, त्याची जागा, त्याचा हंगाम त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नाही, आणि एकेकाळी शिकारीसाठी वापरलेलं ते ज्ञान आज गवत राखण्याच्या कामी येतं. नान्नजला जे पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं ते हेच.

उद्या राजस्थानात वाढलेले पक्षी सोडायची वेळ आली तर दख्खनमध्ये जागा कुठली, हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे. राखीव तुकडे आहेत, त्यांतला परका झाडोरा काढता येईल, जवळच्या तारा जमिनीखाली नेता येतील. अवघड आहे ते तुकड्यांभोवतीच्या काही हजार एकरांचं. शाळू, करडई, हरभरा पेरणाऱ्या शेतकऱ्याला उसाच्या उत्पन्नाशी तुलना करून एकरी मोबदला, तोही दरवर्षी वेळेवर, बँकेत जमा. ज्वारीला खात्रीचा भाव, कडब्याला बाजार, कीटकनाशक न फवारल्याचा वेगळा हिशेब. काळविटाने नुकसान केलं तर पंचनामा आठवड्यात. पूर्वीच्या अभयारण्याने ज्या गावांचा विश्वास घालवला, त्यांच्याच ग्रामसभांत जाऊन हे मांडावं लागेल, आणि पहिल्या बैठकीत शिव्या ऐकाव्या लागतील. वनखातं, कृषी खातं आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ यांनी एकत्र बसून याचा आराखडा करायला निदान एक रब्बी हंगाम जाईल, आणि दोन-तीन गावांत तो करून पाहायला पुढचे तीन.