थाप किती वेळा मारावी?

जुनं वाढोणा म्हणजे आजचं हिमायतनगर. पोळ्याच्या सुमारास इथे कुणालाही विचारा, तिर्रटमध्ये, म्हणजे तीन पत्त्यांच्या खेळात, सिक्वेन्स मोठा की कलर? लगेच उत्तर येईल, सिक्वेन्स. ओळीने आलेले सात-आठ-नऊ तीन बदामांना किंवा तीन किलवरांना मारतात. हाच प्रश्न लास वेगासच्या पोकरच्या टेबलावर विचारला, तर उत्तर नेमकं उलटं मिळतं. तिथे कलर मोठा आणि ओळ लहान.

यात कुणाची लहर नाही, साधी मोजणी आहे. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत नुसती ओळ ७२० वेळा लागते आणि नुसता कलर १,०९६ वेळा. पत्ते पाच केले की एकूण प्रकार होतात २५,९८,९६०. त्यांत ओळ १०,२०० वेळा आणि कलर फक्त ५,१०८ वेळा. जे दुर्मीळ ते मोठं. दोन पत्ते वाढले आणि मानपान बदलले! ही आकडेमोड पहिल्यांदा कागदावर करून पाहिली, तेव्हापासून मला पत्त्यांचा जोड निव्वळ करमणुकीची वस्तू वाटत नाही.

पण पोकरची खरी नवलाई याच्या पुढे आहे. सर्वांत जास्त खेळला जातो तो प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग मधोमध तीन पत्ते उघडे पडतात, नंतर चौथा, नंतर पाचवा. हे पाच सगळ्यांचे. आपले दोन आणि मधले पाच, अशा सातांतून उत्तम पाच निवडायचे. पैसे लावायची संधी चार वेळा येते आणि दरवेळी समोरच्याने काय केलं, किती लावले, किती वेळ घेतला, हे सगळं दिसत असतं. हातात दोन एक्के येण्याचा योग सरासरी २२१ डावांत एकदा. हा योग विश्वविजेत्याला तेवढाच आणि नवशिक्यालाही तेवढाच. हजारो डाव खेळले की पत्ते सगळ्यांना सारखेच वाटले जातात. उरतो तो फरक निर्णयांचा.

मे २००३, लास वेगासमधलं बिनियन्स हॉर्सशू. ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत ८३९ जण उतरले होते आणि आता दोघे उरले होते. एक सॅमी फार्हा, मुरलेला व्यावसायिक. दुसरा टेनेसीचा सत्तावीस वर्षांचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर. आडनाव खरंच मनीमेकर. दहा हजार डॉलरची प्रवेश फी त्याने भरलीच नव्हती, इंटरनेटवरची एक छोटी पात्रता स्पर्धा जिंकून तो इथवर आला होता. मधले पत्ते पडले इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की आणि मग इस्पिक अठ्ठी. मनीमेकरच्या हातात इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. आणखी एक इस्पिक आलं तर कलर, पंजी किंवा दश्शी आली तर ओळ. फार्हाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी, म्हणजे नव्व्यांची जोडी तयार. फार्हाने पैसे लावले, मनीमेकरने वाढवले, फार्हाने ते भरले. शेवटचा पत्ता आला बदाम तिर्री. मनीमेकरचं सगळं हुकलं. हातात जोडीसुद्धा नाही.

आणि त्याने समोरच्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या.

फार्हा विचार करत राहिला. याचा कलर हुकला असावा, ही शंका त्याने बोलूनही दाखवली. शंका शंभर टक्के बरोबर होती. तरीही त्याने पत्ते टाकून दिले. थोड्याच डावांनंतर मनीमेकर २५ लाख डॉलर जिंकून विश्वविजेता झाला. ते दूरदर्शनवर पाहून जगभरच्या नोकरदारांना वाटलं, हे आपल्यालाही जमेल. ८३९ खेळाडूंची ती स्पर्धा २००६ मध्ये ८,७७३ खेळाडूंची झाली होती.

ही थाप धाडसाची होती की अकलेची? माझं मत अकलेच्या बाजूने पडतं, आणि त्याचं कारण बेरीज-वजाबाकीत आहे. समजा, मधे १०० रुपये जमलेत आणि मी आणखी १०० लावले. समोरच्याला १०० भरून २०० जिंकायचे आहेत. असा प्रसंग तीन वेळा आला, त्यात दोनदा माझ्याकडे खरंच मोठे पत्ते होते आणि एकदा थाप होती. त्याने तिन्ही वेळा पैसे भरले, तर दोनदा शंभर-शंभर जातील आणि एकदा दोनशे येतील. हिशेब शून्य. त्याने तिन्ही वेळा पत्ते टाकले, तरी शून्यच. म्हणजे त्याने काहीही केलं तरी त्याला फायदा नाही! मी याहून जास्त थापा मारल्या, तर दरवेळी पैसे भरून तो मला लुटेल. कमी मारल्या, तर दरवेळी पत्ते टाकेल आणि माझे मोठे पत्ते वाया जातील. जमलेल्या रकमेच्या निम्मेच पैसे लावले, तर हे प्रमाण चारांत एक होतं. थापेचं योग्य प्रमाण अपूर्णांकात सांगता येतं, याचं मला अजूनही राहून राहून आश्चर्य वाटतं.

हे मुळात सुचलं जॉन फॉन नॉयमन या हंगेरियन गणितज्ञाला. १९२८ च्या निबंधात त्याने अशा खेळांचा पाया घातला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात पोकरवर सविस्तर लिहिलं. त्याचा निष्कर्ष विलक्षण आहे. थाप मारावी ती सर्वांत वाईट पत्त्यांवर. मध्यम पत्त्यांवर मारू नये, कारण ते उघडल्यावर कधीमधी जिंकू शकतात. वाईट पत्त्यांना थापेशिवाय दुसरा मार्गच नाही. आजचे काही खेळाडू हे इतकं काटेकोरपणे पाळतात, की थाप मारायची की नाही हे मनगटी घड्याळावर सोडतात. सेकंदकाटा पहिल्या वीस सेकंदांत असेल तर मारायची, नसेल तर नाही. मन आपल्या नकळत सवयी लावून घेतं, काट्याला सवय नसते.

जुन्या विजेत्यांकडे ही गणितं नव्हती. त्यांनी आपापल्या स्वभावातून वाट काढली. १९७० च्या पहिल्या ‘वर्ल्ड सिरीज’मध्ये तर विजेता चक्क मतदानाने ठरला. जमलेल्या खेळाडूंनी जॉनी मॉसला निवडलं. मग आला टेक्सासचा डॉयल ब्रन्सन. पाय मोडला नसता तर तो बास्केटबॉलचा खेळाडू झाला असता. बाकीचे चांगल्या पत्त्यांची वाट पाहत असत, तेव्हा हा सतत पैसे वाढवून समोरच्याला पेचात टाकायचा. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं त्याने जिंकली. दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी आणि दुर्री होती. ही जोडी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

माझं मन मात्र अडकतं ते स्टू अंगरपाशी. न्यूयॉर्कचा हा किडकिडीत मुलगा मुळात जिन रमीचा खेळाडू. रमी आपल्याकडे घराघरांत आहे, तेव्हा याची गंमत आपल्याला लवकर कळेल. टाकलेल्या पत्त्यांवरून समोरच्याच्या हातात काय आहे हे तो इतकं अचूक ओळखायचा, की शेवटी त्याच्याशी पैसे लावून रमी खेळायला कुणी तयार होईना. म्हणून तो पोकरकडे वळला. १९८० मध्ये अंतिम लढतीत त्याने ब्रन्सनलाच हरवलं, १९८१ मध्ये पुन्हा जिंकला. मग व्यसनांनी त्याला पोखरलं. १९९७ मध्ये प्रवेश फीचे पैसेसुद्धा दुसऱ्याने भरले, निळ्या काचांचा गोल चष्मा लावून तो बसला आणि तिसऱ्यांदा विश्वविजेता झाला. पुढच्याच वर्षी, पंचेचाळीसाव्या वर्षी तो एका मोटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. दुसऱ्याचे पत्ते वाचणारं ते डोकं स्वतःला सावरू शकलं नाही, हे मला फार लागतं.

नॉर्वेच्या आनेट ओब्रेस्टाडची गोष्ट वेगळी. २००७ मध्ये तिने १८० जणांची एक ऑनलाइन स्पर्धा आपल्या पत्त्यांवर चिकटपट्टी लावून खेळली. स्वतःचे पत्ते तिने पूर्ण स्पर्धेत एकदाच पाहिले आणि स्पर्धा जिंकली. कोण कुठे बसलंय, कुणाकडे किती चिप्स उरल्यात, कोण घाबरलंय, एवढ्यावरच तिचा खेळ चालला होता. त्याच वर्षी, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिने लंडनमध्ये ‘वर्ल्ड सिरीज’ची युरोपातली मुख्य स्पर्धा जिंकली.

मग यंत्र आलं. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला ‘लिब्राटस’ नावाच्या प्रोग्रॅमने चार कसलेल्या व्यावसायिकांना वीस दिवसांत १,२०,००० डावांमध्ये हरवलं. नोम ब्राउन आणि टुमास सँडहोम यांनी तो घडवला होता. माणसांचे डाव त्याला शिकवले नव्हते, तो स्वतःशी खेळून शिकला. दिवसभरात खेळाडूंनी त्याच्या खेळात जी फट शोधली असेल, ती तो रात्रीतून बुजवायचा. मधे जमलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे तो अचानक लावायचा. अनुभवी माणसं ज्याला वेडेपणा म्हणत आली, ते गणिताला मान्य होतं. ब्रन्सनच्या आक्रमकपणाला मिळालेली ही उशिराची पावतीच, असं मी समजतो.

भारतीय या मैदानात उशिरा आले, पण जोरात आले. विजेत्याला मिळणारं ‘वर्ल्ड सिरीज’चं कडं २०१७ मध्ये निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी जोडीने जिंकलं. २०१८ मध्ये निकिता लुथर हे कडं मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. २०२४ मध्ये संतोष सुवर्णाने अडीच लाख डॉलर, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये प्रवेश फी असलेली स्पर्धा जिंकून ५४ लाखांहून अधिक डॉलर मिळवले. अशा स्पर्धांत खेळाडू बहुधा आपला हिस्सा आधीच इतरांना विकतात, त्यामुळे जाहीर झालेला आकडा पूर्ण खिशात जात नाही. आणि उत्तम खेळाडूही बहुतेक स्पर्धांतून रिकाम्या हातानेच बाहेर पडतो.

आपल्याकडे मोठ्या स्पर्धा भरल्या त्या पणजीला, मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंच्या जहाजांवर. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं. त्याच निकालात, रमी हा तीन पत्त्यांच्या खेळासारखा निव्वळ नशिबाचा नाही, असंही म्हटलं. तिर्रटवाल्यांनी हे वाक्य जपून ठेवावं. पोकरबाबत राज्याराज्यांत वेगवेगळी मतं झाली आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. मला ती योग्य वाटते. मोबाइलवरच्या रमीत घरचं सोनं आणि शेताचा तुकडा गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, आणि गणिताची मौज चाखायला पैसा लागत नाही.

ती घरीच घेऊन पाहा. जोडातून फक्त एक राजा, एक राणी आणि एक गुलाम घ्या. दोघांनी एकेक चिंचोका मधे टाकायचा आणि एकेक पत्ता झाकून घ्यायचा, तिसरा बाजूला ठेवायचा. पहिल्याने आणखी एक चिंचोका लावायचा किंवा गप्प बसायचं. त्याने लावला तर दुसऱ्याने एक भरावा किंवा डाव सोडावा. पहिला गप्प बसला तर दुसऱ्याला एक लावता येतो, मग पहिल्याने भरायचं की सोडायचं ते ठरवावं. मोठा पत्ता जिंकतो. हॅरॉल्ड कून या गणितज्ञाने १९५० मध्ये हा एवढासा पोकर पूर्ण सोडवून दाखवला.

दुसऱ्या खेळाडूसाठी उत्तर असं : राजा असेल तर नेहमी लावा आणि नेहमी भरा. राणी असेल आणि पहिला गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा, त्याने लावला तर तीनांत एकदाच भरा. गुलाम असेल तर कधीच भरू नका, पण पहिला गप्प बसला तर तीनांत एकदा बेधडक लावा. राजा तीनदा आणि गुलाम एकदा, म्हणजे वर आलेली चारांत एक थाप. एवढं पाळलं, की समोर ब्रन्सन बसो की अंगर, पहिला खेळाडू दर अठरा डावांमागे सरासरी निदान एक चिंचोका हरणारच.