पालारवरचा पूल आणि हिशेबाची वही

चेन्नईहून तिरुच्चिरापल्लीकडे जाणारा हमरस्ता तांबरम मागे टाकून परनूरच्या टोलनाक्यावर येतो आणि चेंगलपट्टूपुढे पालार नदी ओलांडतो. वर्षाचा बराच काळ ही नदी म्हणजे वाळूचे रुंद पात्रच असते. तिच्यावरील जुना पूल १९५४ सालचा आहे. राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला १९५६ साली. तेव्हा हा पूल त्या कायद्याहूनही वडील म्हणावयास हरकत नाही. जो पूल जनतेच्या पैशातून केव्हाच उभा राहिला, त्यासाठी वाहनधारकाकडून पुन्हा पथकर घ्यावा काय?

हा प्रश्न विचारला तो भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी. दक्षिणेतील पाच राज्यांमधील निवडक ४१ टोलनाक्यांची तपासणी करणारा त्यांचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. परनूर येथे या जुन्या पुलापोटी नियमाविरुद्ध सुमारे २२ कोटी रुपये वसूल झाले, असे त्यात नमूद आहे. आंध्र व कर्नाटकातील तीन नाक्यांची कथा निराळी. काम मुदतीत पुरे झाले नाही तर विलंबाच्या काळात पथकर घेऊ नये, अशी दुरुस्ती २०१३ साली नियमांत झाली होती. तरी तेथे सुमारे १२४ कोटी रुपये घेतले गेले. रस्ता अपुरा आणि कर मात्र पुरा, असा हा प्रकार होता.

हे दोष कागदावरून तरी उमगतात. बांधकामाच्या दर्जाची तपासणी याहून अवघड असते. घराच्या भिंतीला पोपडे आले तर ते डोळ्यांना दिसतात. रस्त्याचा दोष त्याच्या पोटात असतो. मातीचा भराव, त्यावर मुरूम, मग खडीचे थर आणि सर्वांत वर डांबर. एक थर घातला की खालचा झाकला जातो. म्हणून प्रत्येक थर झाकण्यापूर्वी त्याची जाडी व घट्टपणा पाहावा लागतो. भरावात लहानसा खड्डा खणून निघालेली माती तोलतात आणि तोच खड्डा ठरावीक जातीच्या कोरड्या वाळूने भरतात. किती वाळू मावली यावरून खड्ड्याचे आकारमान कळते आणि त्यावरून मातीची घनता. युक्ती साधी, पण मोठी विश्वासाची! डांबरी थरातून नळीसारख्या यंत्राने गोल तुकडा कापून काढतात व त्याची जाडी मोजतात.

लेखापरीक्षक येतो तो बहुधा हे सारे झाकले गेल्यावर. त्याच्या हाती असतात मोजमाप पुस्तिका, प्रयोगशाळेच्या नोंदी आणि डांबराची बीजके. मोजमाप पुस्तिकेत अभियंत्याने लांबी, रुंदी व जाडी लिहिल्याखेरीज ठेकेदाराचे देयक मंजूर होत नाही. या आकड्यांवरून किती टन डांबर लागावयास हवे होते याचे गणित करता येते, आणि तेल शुद्धीकरण कारखान्याच्या बीजकांशी ते ताडून पाहता येते. चेन्नईजवळ मणली येथे असा कारखाना आहे. बीजके कमी पडली, किंवा एकच बीजक दोन कामांच्या कागदपत्रांत आढळले, तर रस्त्यावर न जाताही संशयाला जागा मिळते. मग खात्याच्या अभियंत्यांसह प्रत्यक्ष पाहणी करता येते. संयुक्त पाहणीवर दोघांच्याही सह्या असल्याने पुढे कोणाला कानावर हात ठेवता येत नाहीत.

तथापि या व्यवस्थेच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. दक्षिणेतील नाक्यांचा अहवाल २०१७-१८ ते २०२०-२१ या वर्षांचा होता. तो प्रकाशात येईतो आणखी दोन वर्षे लोटली. शिवाय महालेखापरीक्षकांना शिक्षा करण्याचा अधिकार नाही, की वसूल केलेला पैसा परत देवविण्याचाही नाही. राज्यघटनेच्या १५१ व्या कलमानुसार त्यांनी केंद्राच्या हिशेबांचा अहवाल राष्ट्रपतींना सादर करावयाचा आणि राष्ट्रपतींनी तो संसदेपुढे ठेववावयाचा. पुढे तो लोकलेखा समितीकडे जातो. १९६७ पासून या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याची प्रथा आहे. समिती ज्या परिच्छेदांची निवड करते त्यांवर खात्याच्या सचिवांना तिच्यासमोर बसून उत्तरे द्यावी लागतात; उरलेल्या परिच्छेदांवर खात्याने केलेल्या कार्यवाहीची लेखी टिप्पणी पाठवावयाची असते.