नोकरी सोडून फ्रीलान्स : बेळगाव-निपाणीत काय बदलतं?

पगार की बिल? पगारदाराच्या मूळ वेतनातून साधारणतः 12 टक्के पीएफ कापला जातो, तेवढीच भर मालक घालतो. फ्रीलान्सरला पीएफ नाही, ग्रॅच्युइटीही नाही. तो बिल देतो. व्यावसायिक फीमधून कंपनी सहसा 10 टक्के टीडीएस कापते. विवरणपत्र भरताना ही रक्कम करात वळती होते.

जीएसटी : सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांपर्यंत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. ग्राहक परराज्यातला असला, तरी ऑक्टोबर 2017 पासून हीच मर्यादा.

सीमाभागातली गंमत पुढेच. नोंदणीकृत निपाणीकर डिझायनरने शेजारच्या कागलमधल्या कारखान्याला बिल दिलं, की ते आंतरराज्य : आयजीएसटी 18 टक्के. पाचशेहून अधिक किलोमीटरवरच्या बेंगळुरूला दिलं, तर राज्यांतर्गत : 9 अधिक 9. खिशाला फरक शून्य, रकाने मात्र वेगळे.

गिग वेगळं : कर्नाटकचा 2025 चा गिग कामगार कायदा अ‍ॅपवरून डिलिव्हरी, टॅक्सी अशी कामं करणाऱ्यांसाठी आहे. स्वतः ग्राहक मिळवणारा सल्लागार त्यात येत नाही.

घरबसल्या काम, जुनं : निपाणीतल्या विडी कामगार बायका घरीच विड्या वळतात, मजुरी हजार विड्यांमागे. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्यांनाही कामगार मानलं.