झिजलेल्या नमुन्याची नक्कल

मागाचा एखादा भाग तुटला की बुऱ्हाणपुरात ड्रॉइंग शोधायला कोणी बसत नसे. तुटका तुकडा पिशवीत टाकायचा, लेथवाल्याकडे न्यायचा आणि सांगायचं, ‘असाच बनवून द्या.’ तिथल्या राजपुऱ्यात लहानाचं मोठं होताना मशीन डिझाइनचा पहिला धडा आम्ही असाच गिरवला. प्रोजेक्शन आणि टॉलरन्स कॉलेजात गेल्यावर कळले. मागच्या चाळीस वर्षांत ड्रॉइंग बोर्ड गेला, संगणक आला, त्रिमिती मॉडेल आलं. डिझाइन इंजिनिअरच्या टेबलावर मात्र रोज तोच पिशवीतला तुकडा येत राहिला. झिजायच्या आधी याचं माप काय होतं?

पहिला घोळ इंच आणि मिलिमीटरचा. मेट्रिक पद्धतीचा कायदा 1956 चा, पण विलायती धाटणीचे साधे माग इंचातच घडलेले. सव्वा इंची शाफ्ट म्हणजे 31.75 मिमी. झिजलेल्या जागी कॅलिपर लावला की 31.5 दिसतं, आणि नवा मुलगा सरळ 32 लिहून मोकळा होतो. अशा वेळी जुना टर्नर शाफ्टचं टोक पुसून घेतो. बुश जिथे कधी पोहोचलाच नाही तिथलं माप तो घेतो. मोठ्या कारखान्यात ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’ नावाने जे चालतं, त्याचा गाभा एवढाच आहे, आणि तो मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी लेथवर पाहायला मिळाला. बोल्टचंही तसंच. चार सुती बोल्ट म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिमी, इंचाला 12 आटे, आट्याचा कोन 55 अंश. त्याच्या जागी एम-12 लावला तर दोन-चार आटे बिनबोभाट जातो, मग अडतो. पान्याने जोर केला की आटेच मरतात.

खरी परीक्षा पिकिंग कॅमची. साध्या मागात खालचा शाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, कारण धोट्याला एका फेरीत डावीकडून आणि पुढच्या फेरीत उजवीकडून फटका बसायला हवा. हा फटका कॅमच्या नाकाडातून निघतो. रोलर त्यावर दिवसभर आदळतो आणि नाकाड हळूहळू बोथट होतं. आता हा बोथट कॅम नमुना म्हणून ओतकामाला गेला, तर नवा कोरा कॅम जन्मतःच झिजलेला असतो. धोटा पेटीत वेळेवर पोहोचत नाही, माग ठोकर खाऊन थांबतो. मागाची देखभाल करणारा जॉबर पट्टा आवळतो. त्याने फटका वाढतो, पण धोट्याला ठोकणारा पिकर लवकर फाटतो आणि दांडा मोडतो. दोष पिकरच्या मालावर जातो. पुढच्या खेपेला हाच कॅम पुन्हा नमुना होतो, आणि झीज पिढ्यान् पिढ्या उतरत जाते. याला उपाय एकच. शाफ्टच्या दर दहा अंशांना रोलर किती सरकला ते मोजायचं, आलेख काढायचा आणि वक्राला जिथे खड्डा पडलाय तिथे मूळ उतार परत भरायचा. बोर्डवर हे काम दिवसभर चाले. आज संगणकावर तासाभरात होतं. पण खड्डा कुठला आणि मूळ उतार कुठला, हे ठरवायला माग चालताना पाहिलेला असावा लागतो.

बेअरिंगची कथा थोडक्यात. 6205 ची आतली कडी 25 मिमीची. फिरत्या शाफ्टवर ती घट्ट बसावी म्हणून k6 देतात, म्हणजे शाफ्ट 2 ते 15 मायक्रॉन मोठा. शाफ्ट झिजला की त्यावर पंच मारून बेअरिंग ठोकायची रीत गावोगाव आहे. उठलेली टोकं थोड्याच दिवसांत चपटी होतात आणि कडी पुन्हा घसरू लागते. वेल्डने भरून पुन्हा टर्न करणं किंवा स्लीव्ह घालणं हाच धड इलाज. चार पैसे जास्त लागतात, ते लागू द्यावेत.

मालाचा वाद खरेदी विभागाशी कायमचा. ड्रॉइंगवर ईएन-8 पोलाद लिहावं आणि दारात एमएस, म्हणजे साधं माइल्ड स्टील यावं, हे पुण्यातही पाहिलं. ईएन-8 मध्ये कार्बन साधारण 0.4 टक्के, म्हणून ते पाणी धरतं. एमएसमध्ये जेमतेम 0.2, ते थेट तापवून विझवलं तरी पुरेसं कडक होत नाही. ग्राइंडरला लावून ठिणगी पाहायची: कार्बन जास्त असेल तर ठिणग्या जास्त फुटतात. लॅबचा अहवाल हवाच, पण गाडी खाली व्हायच्या आधी ही ठिणगी पाहून घ्यावी.

1990 नंतर ऑटोकॅड आलं, मग सॉलिड मॉडेल. खाडाखोड गेली, अमोनिया प्रिंटचा वास गेला. नवी अडचण अशी की पडद्यावर सगळेच भाग एकमेकांत अचूक बसतात. 25 H7 भोकाला 21 मायक्रॉनची सूट आहे, हे मॉडेलमध्ये डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे टॉलरन्सचा रकाना शेवटी घाईत भरला जातो. ज्युनिअर मुलांना मी आधी तो रकाना भरायला लावत असे.

आता थ्री-डी स्कॅनर आलेत. स्कॅनर झीजसुद्धा तितक्याच इमानाने टिपतो, म्हणून नमुना न झिजलेलाच हवा. इकडे बिनधोट्याचे माग येत आहेत आणि जुने माग भंगारात निघत आहेत. त्यांच्यासोबत न वापरलेले, तेलात पडून राहिलेले मूळ सुटे भागही जातात. बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी इथल्या दुकानांच्या माळ्यांवर असे कॅम आणि गिअर अजून सापडतात. पॉलिटेक्निकच्या मुलांच्या हाती मायक्रोमीटर देऊन ते मोजून घ्यावेत, इंची मापं इंचातच लिहावीत, शेजारी मिलिमीटर द्यावेत, आणि भंगारवाल्याचा काटा लागायच्या आत त्यांची ड्रॉइंग तयार व्हावीत.